आजीची नऊ, आईची तीन, लेकीचं एक : देशाची लोकसंख्या नेमकी कुठे चालली आहे?

थोडक्यात
• भारतातील एकूण जननदर १९७१ मध्ये ५.२ होता, २०२३ मध्ये तो १.९ झाला.
• लोकसंख्या वाढली ती जन्म वाढल्यामुळे नव्हे, तर मृत्यू कमी झाल्यामुळे.
• जननदर घटूनही देशाची लोकसंख्या आणखी काही दशके वाढत राहील. त्यानंतर ती हळूहळू कमी होईल, असा अंदाज आहे.
• घराघरांत यापुढचा मोठा प्रश्न 'मुले किती' हा नसेल, तर 'म्हाताऱ्या माणसांची काळजी कोण घेणार' हा असेल.

एकदा ओपीडीत एकाच घरातल्या तिघी आल्या होत्या. ८२ वर्षांच्या आजी, त्यांची ५७ वर्षांची मुलगी आणि ३१ वर्षांची गरोदर नात. तपासणी नातीची होती, पण आजींचा रक्तदाब बघायचा राहिला होता म्हणून त्याही आल्या होत्या. माहिती लिहून घेताना मी आजींना विचारले, "बाळंतपणं किती झाली?" त्या म्हणाल्या, "नऊ. राहिली चार."

'राहिली चार' हे त्यांनी इतक्या सहज सांगितले की नात चमकून त्यांच्याकडे बघू लागली. तिला हे ठाऊकच नव्हते. एक बाळ सव्वा महिन्याच्या आत गेले, दोन जुलाबांनी, एक गोवराने आणि एक 'कशाने गेलं ते कळलंच नाही'. आजींच्या मुलीला तीन मुले, तिन्ही जगली, आणि २६ व्या वर्षी तिचे ऑपरेशन झाले. नात म्हणाली, "आमचं हे एकच. पुढचं पुढे बघू."

देशाच्या लोकसंख्येचा शंभर वर्षांचा इतिहास त्या दिवशी माझ्या टेबलासमोर तीन खुर्च्यांवर बसला होता. तुमच्याही घरात तो असेल. आजीला किंवा पणजीला एकदा विचारून बघा.

बातम्यांमधून मात्र याबद्दल गोंधळच जास्त होतो. एप्रिल २०२३ मध्ये भारताने लोकसंख्येत चीनला मागे टाकल्याचे संयुक्त राष्ट्रांनी सांगितले, तेव्हा 'लोकसंख्येचा स्फोट' हा शब्द पुन्हा ऐकू आला. दीड वर्षानेच, २०२४ च्या अखेरीस, आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी जोडप्यांना जास्त मुले होऊ द्यावीत असे आवाहन केले. मग लोक जास्त आहेत की कमी पडणार आहेत? दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असतील? रुग्ण आणि नातेवाईक हे मला विचारतात. त्याचे उत्तर आकड्यांत आहे, आणि ते आकडे समजायला अवघड नाहीत.

आधी तीन शब्द समजून घेऊ

जन्मदर : दर हजार लोकसंख्येमागे वर्षभरात होणारे जन्म.

मृत्यूदर : दर हजार लोकसंख्येमागे वर्षभरात होणारे मृत्यू. जन्मदरातून मृत्यूदर वजा केला की लोकसंख्येची नैसर्गिक वाढ मिळते.

एकूण जननदर : आज ज्या वयात जेवढी मुले होतात तेच प्रमाण कायम राहिले, तर एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुले होतील तो आकडा. हा साधारण २.१ असेल तर एक पिढी आपल्याइतकीच दुसरी पिढी मागे ठेवते. आई-वडिलांच्या जागी दोन मुले, आणि जी मुले मोठी होण्याआधीच दगावतात त्यांच्यासाठी वरचा थोडासा भाग. म्हणून २.१ ला प्रतिस्थापन पातळी म्हणतात.

आकडे मुख्यतः तीन ठिकाणांहून येतात. जनगणना, भारताचे महानिबंधक दरवर्षी निवडक गावे आणि शहरी भागांत करतात ती नमुना नोंदणी, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. हे सर्वेक्षण मुंबईत देवनार येथे असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पार पाडते. तुमच्या दारी सर्वेक्षण करणारी ताई येऊन 'मुले किती, दवाखान्यात बाळंतपण झाले का' असे विचारून गेली असेल, तर देशाच्या आकड्यात तुमचेही उत्तर आहे.

लोकसंख्या वाढली कशामुळे?

बहुतेकांना वाटते की पूर्वी लोकसंख्या आटोक्यात होती आणि नंतर लोकांना जास्त मुले होऊ लागली. खरे तर उलट आहे. मुले पूर्वीही भरपूरच होत होती. ती जगत नव्हती.

१९०१ मध्ये देशाची लोकसंख्या सुमारे २४ कोटी होती. १९२१ मध्ये ती जेमतेम २५ कोटी होती. प्लेग आणि दुष्काळ होतेच, त्यात १९१८ चा इन्फ्लुएंझा आला. मुंबई बंदरातून शिरलेल्या या साथीने देशभरात एक कोटीहून जास्त माणसे नेली. १९११ ते १९२१ या दशकात लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. जनगणनेच्या इतिहासात असे एवढ्या एकाच दशकात घडले. जन्म आणि मृत्यू दोन्ही दर हजारी चाळीसच्या वर होते. जेवढे येत, जवळजवळ तेवढेच जात.

त्यानंतर मृत्यू कमी होऊ लागले. स्वातंत्र्यानंतर हा वेग वाढला. मलेरियावर फवारणी, देवीची लस, प्रतिजैविके, पिण्याचे बरे पाणी, धान्याची सोय, रस्ते आणि दवाखाने अशा अनेक गोष्टी एकामागून एक आल्या. देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. १९७१ मध्ये पश्चिम बंगालच्या सीमेवरील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली. तिथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून हजारो जीव वाचवता येतात हे दाखवून दिले. आज औषधाच्या दुकानात थोड्याशा पैशांत मिळणारे ओआरएसचे पाकीट म्हणजे तीच गोष्ट. आजींची जुलाबांनी गेलेली दोन मुले याच पाकिटाने बहुधा वाचली असती.

मृत्यू आधी घटले, जन्म मात्र काही दशके तसेच राहिले. कारण स्पष्ट आहे. नऊपैकी चार जगतात हे ज्या पिढीने पाहिले, ती एकदम दोनवर थांबणार नाही. ही मुले जगतील, असा भरवसा बसायला एक पिढी जावी लागते. जन्म आणि मृत्यू यांच्यातले हे अंतर म्हणजेच लोकसंख्येची वाढ. म्हणून १९५१ ची ३६ कोटी लोकसंख्या २०११ मध्ये १२१ कोटी झाली. १९६१ ते १९७१ या दशकात वाढ जवळजवळ २५ टक्के होती, २००१ ते २०११ मध्ये ती सुमारे १७.७ टक्क्यांवर आली.

त्या शेवटच्या दशकात आणखी एक गोष्ट घडली, तिची बातमी फारशी झाली नाही. १९२१ नंतर पहिल्यांदाच, आधीच्या दशकापेक्षा कमी माणसांची भर पडली.

मग जन्म कशाने कमी झाले?

नमुना नोंदणीचे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा.

• जन्मदर : १९७१ मध्ये ३६.९, २०२३ मध्ये १८.४
• मृत्यूदर : १९७१ मध्ये १४.९, २०२३ मध्ये ६.४
• एक वर्षाच्या आत दगावणारी बाळे, दर हजार जन्मांमागे : १९७१ मध्ये १२९, २०२३ मध्ये २५
• एकूण जननदर : १९७१ मध्ये ५.२, २०२३ मध्ये १.९

वाढीचा दर हजारी २२ वरून १२ वर आला. मध्ये कोविडने धक्का दिला. मृत्यूदर २०२० मध्ये ६.० होता, तो २०२१ मध्ये ७.५ झाला आणि मग पुन्हा खाली आला.

बाळांचे मृत्यू आणि जननदर बरोबरीने घटले आहेत, हे इथे लक्षात येईल. मूल जगण्याची खात्री वाढली की आई-वडील आपणहून पाळणा थांबवतात. त्यासाठी नेहमी मोठे हॉस्पिटलच लागते असेही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाचे वजन करणे, त्याला उबदार ठेवणे, जंतुसंसर्ग ओळखून वेळेत औषध देणे हे शिकवले. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळ तपासते, त्या कामाचे मूळ तिथे आहे.

दुसरे मोठे कारण मुलींचे शिक्षण. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात शाळेत न गेलेल्या स्त्रियांचा जननदर २.८, तर बारा किंवा जास्त वर्षे शिकलेल्यांचा १.८ होता. शिकलेल्या मुलीचे लग्न उशिरा होते, ती दवाखान्यात लवकर येते, आणि 'नको' म्हणण्याचे थोडे तरी बळ तिच्यात येते. दवाखान्यातील बाळंतपणे २००५-०६ मध्ये सुमारे ३९ टक्के होती, २०१९-२१ मध्ये सुमारे ८९ टक्के झाली. माता मृत्यूंचे प्रमाण दर एक लाख जिवंत जन्मांमागे २००१-०३ मध्ये ३०१ होते, २०१८-२० मध्ये ९७ झाले.

तिसरे कारण गर्भनिरोधनाची साधने. या बाबतीत आपल्याकडची सुरुवात फार जुनी आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. लोकांची टीका, खटले, आर्थिक ओढाताण हे सगळे त्यांच्या वाट्याला आले. १९५२ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला. असा कार्यक्रम सुरू करणारा भारत हा जगातला पहिला देश.

जबरदस्तीने काय साधले?

आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यातल्या बहुतेक पुरुषांच्या होत्या आणि अनेक जबरदस्तीच्या. त्यानंतर पुरुषांच्या मनात जी भीती बसली ती अजून गेलेली नाही. शस्त्रक्रियेचा सगळा भार बायकांवर आला. २०१९-२१ मध्ये देशातील सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांचे ऑपरेशन झालेले होते. पुरुष नसबंदी होती फक्त ०.३ टक्के.

डॉक्टर म्हणून मला हा आकडा सगळ्यात जास्त बोचतो. पुरुष नसबंदी तुलनेने सोपी आहे. पोट उघडावे लागत नाही, बिनटाक्याची पद्धत आहे, आणि त्याच दिवशी घरी जाता येते. ताकद कमी होत नाही, लैंगिक संबंधांत फरक पडत नाही. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने दुसरे साधन वापरून वीर्यतपासणी करून घ्यावी लागते, एवढेच पथ्य. तरीही पंचविशीतली, अंगावर पाजणारी, रक्त कमी असलेली बाई टेबलावर येते आणि नवरा बाहेर बाकावर बसतो.

कायद्याने मुलांची संख्या ठरवणाऱ्या चीनचे काय झाले तेही बघा. १९८० च्या सुमारास तिथे एक मूल धोरण आले. २०१६ पासून दोन आणि २०२१ मध्ये तीन मुलांना परवानगी मिळाली. पण सवय बदलली होती. २०२२ पासून चीनची लोकसंख्या घटू लागली. दक्षिण कोरियाने मुले होऊ द्यावीत म्हणून प्रचंड पैसा खर्च केला, तरी तिथला जननदर २०२३ मध्ये ०.७२ होता. जोडप्याने किती मुले होऊ द्यावीत हे सरकारला दोन्ही दिशांनी सांगून फारसे जमलेले नाही.

भारतात केरळ आणि तमिळनाडू यांनी जबरदस्तीचा कायदा न करता जननदर खाली आणला. महाराष्ट्राचा जननदर २०१९-२१ मध्ये १.७ आणि गोव्याचा १.३ होता. म्हणजे मराठी घरांपुरती 'लोकसंख्या वाढते आहे, मुले कमी करा' ही सूचना कधीच जुनी झाली आहे. त्याच सर्वेक्षणात बिहारचा आकडा ३.० होता. तोही घसरतो आहे, फक्त उशिरा सुरुवात झाली.

जननदर घटला, मग लोकसंख्या अजून वाढते कशी?

भरधाव एसटीचा ब्रेक दाबला तरी ती जागच्या जागी थांबत नाही, तसे हे आहे. वीस-तीस वर्षांपूर्वी जन्मलेली मोठी पिढी आता आई-बाप होण्याच्या वयात आहे. प्रत्येक जोडप्याला दोनपेक्षा कमी मुले झाली तरी जोडपीच इतकी आहेत की जन्मांची एकूण संख्या मृत्यूंपेक्षा जास्त राहते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार भारताची लोकसंख्या २०६० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे १७० कोटींवर पोहोचेल आणि मग घटू लागेल.

म्हणूनच वर विचारलेल्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. माणसे आज जास्त आहेत, आणि लहान मुले कमी होत चालली आहेत.

नक्की आकडा मात्र नव्या जनगणनेतूनच कळेल. २०२१ ची जनगणना कोविडमुळे राहिली. आता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून ती होणार आहे, म्हणजे दहाऐवजी सोळा वर्षांनी. प्रगणक दारी आले की वय, मुले, अपंगत्व यांची माहिती खरी द्या. तुमच्या तालुक्याला किती दवाखाने आणि किती डॉक्टर लागतील याचा हिशेब त्याच आकड्यांवर होतो.

आकड्याला फसू नका : केरळ आणि बिहार

२०२० मध्ये केरळचा मृत्यूदर ७.० होता आणि बिहारचा ५.४. मग बिहारमध्ये आरोग्य चांगले आहे का? नाही. त्याच वर्षी एक वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण केरळात दर हजारी ६ आणि बिहारमध्ये २७ होते.

उलगडा वयात आहे. केरळात म्हातारी माणसे जास्त आहेत, बिहारमध्ये तरुण. म्हातारपणी मृत्यू येणारच. येत्या काळात देशाचा आणि महाराष्ट्राचाही मृत्यूदर हळूहळू वर जाईल. त्याचा अर्थ 'आरोग्यसेवा बिघडली' असाच लावायचे कारण नाही. माणसे कोणत्या वयात आणि कशाने जातात ते बघायला हवे.

आता माणसे वेगळ्या आजारांनीही जातात. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, कॅन्सर, दम्यासारखे श्वसनाचे विकार अशा असंसर्गजन्य आजारांचा एकूण मृत्यूंतील वाटा १९९० मध्ये सुमारे ३८ टक्के होता, २०१६ मध्ये तो सुमारे ६२ टक्के झाला. आजींची मुले गोवराने आणि जुलाबांनी गेली. आजींना स्वतःला धोका आहे तो रक्तदाबाचा.

घराला सगळ्यात जास्त जाणवणारा बदल

स्वातंत्र्याच्या सुमारास सरासरी आयुष्य ३२ वर्षांच्या आसपास होते. २०१६-२० मध्ये ते ७० वर्षे झाले. साठीपुढची माणसे २०११ मध्ये सुमारे १० कोटी होती. २०५० पर्यंत ती सुमारे ३५ कोटी होतील, म्हणजे दर पाच माणसांत एक, असा अंदाज आहे.

आता त्या तिघींकडे परत येऊ. आजींची काळजी घ्यायला चार मुले आहेत. त्यांच्या मुलीला तीन. नातीचे मूल मोठे होईल तेव्हा त्या एकट्यावर आई, बाप आणि कदाचित आजी-आजोबाही असतील. ते मूल पुण्यात नोकरीला असेल किंवा परदेशात. बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात, म्हणून म्हातारपणी एकटे राहण्याची वेळ जास्त करून बाईवर येते. तिच्या नावावर घर नसते, निवृत्तिवेतन नसते, आणि गुडघे दुखत असले तरी 'सांगायचं कशाला' म्हणून ती गप्प राहते.

यावर 'मग जास्त मुले होऊ द्या' हे उत्तर मला पटत नाही. म्हातारपणाची काठी म्हणून जन्माला घातलेले मूल काठी होईलच असे नाही, आणि ते वाढवताना आईच्या शरीराची जी झीज होते ती भरून येत नाही. म्हातारपणाची तयारी वेगळीच करावी लागते, आणि ती चाळिशीत सुरू करावी लागते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जननदर घटला म्हणजे वंध्यत्व वाढले का?
नाही. जननदर प्रत्यक्ष झालेली मुले मोजतो, मूल होण्याची क्षमता मोजत नाही. २०१९-२१ च्या सर्वेक्षणानुसार स्त्रियांना जेवढी मुले हवी होती तेवढीच झाली असती, तर जननदर २.० ऐवजी १.६ असता. म्हणजे आजही काही गर्भधारणा नको असताना राहतात. ज्या जोडप्यांना मूल हवे आहे आणि होत नाही त्यांचे दुःख खरे आहे. वर्षभर प्रयत्न करूनही, आणि स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांत, दिवस राहिले नाहीत तर दोघांनीही तपासणी करून घ्यावी. फक्त बायकोची नव्हे.

अमुक धर्माच्या लोकांची संख्या वाढतच जाणार, असे मेसेज येतात. खरे काय?
१९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रियांचा जननदर ४.४ आणि हिंदू स्त्रियांचा ३.३ होता. २०१९-२१ मध्ये ते अनुक्रमे २.४ आणि १.९ झाले. दोन्ही घटले, आणि मुस्लिमांचा जास्त वेगाने घटला. बिहारमधील हिंदू स्त्रियांचा जननदर केरळमधील मुस्लिम स्त्रियांपेक्षा जास्त आहे. शिक्षण, उत्पन्न आणि दवाखान्याची सोय यांचा फरक धर्मापेक्षा मोठा आहे.

एकच मूल हवे, मग मुलगाच हवा असे घरचे म्हणतात. काय करावे?
कुटुंब लहान झाले आणि 'वंशाचा दिवा' मात्र हवाच राहिला, तर त्याची किंमत मुली मोजतात. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २०११ मध्ये ८९४ उरल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला, १९९४ मध्ये देशाचा कायदा आला. गर्भाचे लिंग सांगणे आणि विचारणे दोन्ही गुन्हा आहे. आणि एक शास्त्रीय गोष्ट घरच्या सगळ्यांना सांगा : बाळ मुलगा होणार की मुलगी हे वडिलांच्या शुक्रपेशीतील गुणसूत्रावर ठरते. सुनेला दोष देण्यात अर्थ नाही.

तुम्ही काय करू शकता?

नवविवाहित जोडप्यांनी : लग्नानंतर लगेच घाई नको. पहिल्या बाळानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी किमान दोन वर्षांचे अंतर ठेवा. पाळणा लांबवण्यासाठी निरोध, गोळ्या, तांबी, 'अंतरा' इंजेक्शन अशी साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. तुमच्यासाठी कोणते योग्य ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

कुटुंब पूर्ण झालेल्यांनी : ऑपरेशन कोणाचे करायचे, हा प्रश्न नवरा-बायकोने एकत्र बसून सोडवा. पुरुष नसबंदीचा पर्याय निदान समजून घ्या. पंचविशीच्या आत कायमच्या शस्त्रक्रियेची घाई करू नका. तांबीसारखे साधन अनेक वर्षे चालते आणि काढताही येते.

तिशीपुढच्या सर्वांनी : वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासा. स्त्रियांनी स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्या. तंबाखू सोडा. सत्तरीत चालता-फिरता राहायचे असेल तर तयारी इथूनच होते.

साठीपुढच्यांनी आणि त्यांच्या मुलांनी : डोळे, कान, दात, तोल आणि विसरभोळेपणा यांची तपासणी टाळू नका. न्हाणीघरात हाताला धरायला दांडी बसवा. वय ७० झाले असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. आधार कार्ड दाखवून कार्ड काढून घ्या. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे. आई-वडिलांच्या चरितार्थाची जबाबदारी २००७ च्या कायद्याने मुलगा आणि मुलगी दोघांवरही आहे.

घरात सेवा करणाऱ्यांनी : अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा बहुतेक घरांत एकच व्यक्ती करते, आणि ती बहुधा सून किंवा मुलगी असते. पाळ्या लावा. तिचीही पाठ दुखते, तिलाही झोप लागते, तिचाही रक्तदाब वाढतो. रुग्णाला दाखवायला आणाल तेव्हा तिचीही तपासणी करून घ्या.

त्या दिवशी तपासणी झाल्यावर नात आजींचा हात धरून उठली. आजींचा रक्तदाब वाढलेला निघाला. गोळ्या महिनाभर बंद होत्या. "संपल्या होत्या, आणायला कोण जाणार?" आजी म्हणाल्या. चार मुले 'राहिलेली' असूनही गोळ्या आणायला कोणी नव्हते. त्या घरात मी प्रिस्क्रिप्शनइतकेच महत्त्वाचे एक वाक्य लिहून दिले : दर महिन्याच्या पहिल्या तारखेला गोळ्या कोण आणणार, त्याचे नाव. नातीने आपले नाव लिहिले.

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्यांच्या पाकिटावर असे कोणाचे नाव आहे का, ते आज बघा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. गर्भनिरोधक साधने, शस्त्रक्रिया किंवा औषधे यांबाबतचा निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)